डाकोटाच्या पट्ट्याचा रंग

"तोंड मीट आणि दांडा मागे ओढ," डॉक्टर सबनीस म्हणाले.

मी दात काढायच्या खुर्चीत बसले होते. समोर भल्यामोठ्या पडद्यावर धावपट्टी भराभर अंगावर येत होती. मी दांडा ओढला, त्याच क्षणी त्यांच्या मदतनीस निर्मलाताईंनी पायाने खुर्चीचं पेडल दाबलं, खुर्ची मागे कलली आणि जमीन खरोखरच सुटली. मी किंचाळले. सांगलीतल्या एका दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, रविवारी दुपारी, मी आकाशात होते.

"किंचाळू नये," डॉक्टर म्हणाले. "वैमानिक किंचाळत नाहीत. शेजाऱ्यांना वाटतं मी रविवारीही दाढा काढतो."

ही दोन हजार सातमधली गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि इचलकरंजीत एका कापडवाल्याकडे कॉम्प्युटरवर लुगड्यांचे काठ काढायची नोकरी करत होते. आमच्या मालकांना तीनच रंग माहीत होते: चालतो, चालत नाही आणि मागच्या वर्षी चालला होता. दिवसभर त्यांच्या मनासारखे काठ काढून झाले की घरी येऊन मी माझ्या मनासारखी विमानं रंगवायची. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा जो खेळ असतो, त्यात विमानाची कातडी सोलून सपाट पसरलेली मिळते, बेतून ठेवलेल्या ब्लाउजच्या तुकड्यांसारखी. त्यावर हवं ते रंगवायचं, परत चढवायचं, आणि ते विमान उडतं! मला तर याचं वेडच लागलं होतं. जांभळ्या जम्बोला मी इरकली काठ लावला होता. एका विमानाच्या शेपटीवर कोयरी होती. 'इचलकरंजी इंटरनॅशनल' नावाच्या कंपनीची नऊ विमानं होती आणि ती कंपनी फक्त माझ्या डोक्यात होती. अशी एकूण एक्केचाळीस. घरात माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, ऑफिसात मालक होते. जगात मी कुणालाही न विचारता केलेल्या गोष्टी म्हणजे ही एक्केचाळीस विमानं.

ती मी इंटरनेटवर या छंदाच्या लोकांच्या पानावर टाकायची. तिथेच डॉक्टरांचं पहिलं पत्र आलं. "आपल्या विमानात चौदा चुका आहेत. उजव्या बाजूची अक्षरं उलटी आली आहेत, कारण आपण डावी बाजूच उलटवून उजवीकडे चिकटवली आहे. हे सगळेच नवशिके करतात. पंधरावी चूक अशी की ही कंपनी अस्तित्वात नाही."

मी उत्तर पाठवलं, "पंधरावी मुद्दाम केली आहे." त्यानंतर दर रविवारी मी एसटीने सांगलीला जाऊ लागले. भांडायला.

डॉक्टरांची तऱ्हा वेगळी. ते फक्त होऊन गेलेली विमानं रंगवायचे आणि तीही कागदपत्र हातात घेऊन. ज्या भागाचा रंग कळत नाही तो भाग ते करडा ठेवायचे. एका विमानाच्या दाराचा रंग सापडला नाही म्हणून दार करडं. एकाचं पोट करडं. जगभरातले लोक त्यांची विमानं डोळे मिटून खरी मानायचे, कारण सबनीसांनी रंग भरला म्हणजे तो होताच.

आणि त्यांच्याकडे एक विमान नखशिखांत करडं होतं. पंचगंगा एअर सर्व्हिसचं डाकोटा, त्या काळचं दोन पंख्यांचं विमान. एकोणीसशे पन्नासच्या सुमारास कोल्हापुरातल्या एका शेटनं ही कंपनी काढली, एकच विमान घेतलं, ते दोन-अडीच वर्षं मुंबईला ये-जा करत राहिलं आणि मग सगळंच बंद पडलं. डॉक्टर लहानपणी त्या विमानात बसले होते, पण खिडकीत बसून बाहेर बघत राहिले, त्यामुळे विमानाचा रंग त्यांना आठवत नव्हता. याचं त्यांना फार वाईट वाटायचं. त्या विमानाचा एकच फोटो होता, कृष्णधवल. अंगावरून एक रुंद पट्टा गेलेला, फोटोत जवळजवळ काळा. त्या पट्ट्याच्या रंगासाठी डॉक्टर सहा वर्षं थांबले होते.

"हिरवा आहे तो," एका रविवारी मी म्हटलं. आणि घरून करून आणलेलं हिरव्या पट्ट्याचं, मोहरी रंगाच्या काठाचं डाकोटा त्यांच्या पडद्यावर लावलं.

"कशावरून?"

"शोभतो म्हणून!"

"शोभतो हे कारण लग्नाच्या शालूला ठीक आहे. त्या काळच्या काही फिल्मवर लाल रंग काळा यायचा. लाल असावा."

"मग भरा लाल."

"असावा म्हटलं मी. आहे म्हटलेलं नाही."

"डॉक्टर, सहा वर्षं! तुम्ही त्या बिचाऱ्या विमानाला राख फासून बसवलंय!"

"आणि तू? तू त्याला नवरी करून आणलंस. त्याला कुणी विचारलं का, बाई तुला नटायचंय का?"

आवाज चढले. निर्मलाताई चहा घेऊन आल्या. दवाखान्यात त्यांना वीस वर्षं झाली होती. पेशंटपेक्षा डॉक्टरांना जास्त रागवायच्या. त्यांच्यासमोरच ती पैज लागली. पट्टा लाल निघाला तर मी माझी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस विमानं पुसून टाकायची, घरातली, पानावरची, सीडीवरचीसुद्धा, आणि पुढे पुराव्याशिवाय एक ठिपका काढायचा नाही. हिरवा निघाला तर डॉक्टरांनी एक विमान निव्वळ मनाने रंगवायचं. मी तावात हात पुढे केला, त्यांनी तावात मिळवला. परतीच्या एसटीत मला जरा धास्ती वाटली, पण म्हटलं, साठ वर्षांपूर्वीच्या पट्ट्याचा रंग आता सांगणार कोण?

तीनच आठवड्यांनी डॉक्टरांचा फोन आला. 

"पद्मजा, रंगारी सापडला."

"कोण?"

"ज्यानं ते विमान रंगवलं तो माणूस! दस्तगीर शिकलगार. कोल्हापूरचे, एकोणऐंशी वर्षांचे. माझ्याकडे कवळी करायला आलेत. तोंडात मापाचा साचा होता, मी भिंतीवरच्या फोटोकडे बघत होतो, तर ते बोटानं फोटो दाखवून ऊं ऊं करायला लागले. साचा काढला तर म्हणाले, हे मी रंगवलंय."

"मग? कुठला रंग?"

"विचारला नाही," डॉक्टर म्हणाले. "तू समोर नसताना विचारणं बरोबर नव्हे. रविवारी ये."

सहा वर्षं ज्याची वाट पाहिली तो माणूस तोंड उघडून समोर बसलेला, आणि यांनी विचारलं नाही! मला त्यांचा राग आला, हसू आलं आणि रात्रभर त्या एक्केचाळीस विमानांची काळजी वाटत राहिली, ते वेगळंच.

रविवारी दस्तगीरचाचा आले. पांढरी टोपी, पांढरा सदरा, तोंडात कोरी करकरीत कवळी. ती दिसावी म्हणून ते सारखे हसत होते. डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना तंबी दिली होती की रंगाचं नाव कुणी काढायचं नाही. मग ते टेपरेकॉर्डर आणायला बाहेरच्या खोलीत गेले आणि मी चाचांना माझी विमानं दाखवली. म्हटलं, शेवटची कुणीतरी बघू दे.

"आगं बाबौ!" इरकली काठाचं जम्बो बघून चाचा ओरडले. "ह्ये कुनी काढलं?"

"मी."

"आन कुठल्या सेठचं हाय हे?"

"कुठल्याच नाही. माझंच."

चाचांनी खुर्ची पुढे ओढली. कोयरीचं बघितलं, इचलकरंजी इंटरनॅशनलची नऊ बघितली, परत पहिलं दाखव म्हणाले. मग पाणी प्यायला निर्मलाताईंच्या मागोमाग आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

टेप सुरू झाली. डॉक्टरांनी तारीख, वेळ, हजर माणसं अशी सगळी नोंद बोलून घेतली. मग फोटो पुढे ठेवला आणि घसा खाकरून विचारलं, "शिकलगारसाहेब, हा पट्टा कुठल्या रंगाचा होता?"

चाचांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला.

"हिरवा," ते म्हणाले.

मी खुर्चीतून उडालेच. डॉक्टरांनी हाताने मला थांबवलं. "नीट आठवून सांगा. फोटोत फार काळा दिसतोय."

"दिसनारच की. काजळी घातली व्हती त्यात. नुस्ता हिरवा उनात उडतोय न्हवं का? ट्रकच्या बॉडीला लावायचा डबा, त्यात कंदिलाची काजळी आन जवसाचं तेल. दोन हात दिलं. दुसरा हात वाळायच्या आदी सेठ आला, बोट लावून बगितलं आन तसंच धोतराला पुसलं."

"कुठल्या बाजूला?" डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं.

"डाव्या. पांढरं धोतर, ही एवढी हिरवी रेघ. मालकीनबाई लई कावली."

तपशील मिळाला की डॉक्टर विरघळायचे. त्यांनी जवसाचं तेल लिहिलं, काजळी लिहिली, धोतराची डावी बाजू लिहिली. त्यांचे डोळे चमकत होते. मला वाटलं होतं हरल्यावर त्यांचं तोंड पडेल, पण त्यांनी वही मिटली, उठून माझा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला आणि म्हणाले, "हिरवा! अगं, हिरवा होता! मी त्या हिरव्या विमानात बसलो होतो!"

मी हसत सुटले. निर्मलाताईही हसत होत्या, पण छताकडे बघून.

चाचांना रिक्षापर्यंत सोडायला मी गेले. कोपऱ्यावर रिक्षा नव्हती. आम्ही कडुलिंबाखाली उभे राहिलो. मी त्यांचे आभार मानत होते, तर ते म्हणाले, "गप ए. लालच व्हता."

"काय?"

"लाल भडक. सेठनं मोटारीच्या रंगाचा डबा आनला, म्हनला ह्योच लाव. काजळी न्हाई आन काय न्हाई."

"मग खोटं का सांगितलंत?"

"ती आतली बाई म्हनली, लाल म्हनालात तर पोरगी समदी इमानं पुसनार. मग काय म्हनू?" त्यांनी नवी कवळी पूर्ण दाखवली. "आन तसं बगितलं तर मला हिरवाच लावायचा व्हता. लई सांगितलं सेठला. आयकतोय कोन रंगाऱ्याचं!"

हे शेवटचं खरं की तेही माझ्यासाठीच, देव जाणे. रिक्षा आली. चाचा बसले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "डॉक्टरला काय सांगू नगो. बरा मानूस हाय."

मी परत निघाले ती तरंगतच. एक्केचाळीस वाचली होती! मला उड्या माराव्याशा वाटत होत्या आणि दोन-तीन मारल्याही. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना ठरवून टाकलं की आपण काही ऐकलेलं नाही.

आत आले तर पडद्यावर डाकोटा. सहा वर्षांचं करडं विमान हिरवं झालं होतं, आणि खाली डॉक्टरांनी नोंद टाकली होती: रंग खात्रीचा, प्रत्यक्ष रंगाऱ्याच्या साक्षीवरून. माझाच हिरवा होता तो, मीच निवडलेला, मोहरीच्या काठासकट. आणि तो बघून मला चोरी केल्यासारखं वाटलं. माझ्या जांभळ्या जम्बोबद्दल मला कधी असं वाटलं नव्हतं, कारण ते कुणाचं नव्हतंच. हे विमान खरोखर उडालं होतं. याच्या खिडकीत सात-आठ वर्षांचे डॉक्टर नाक लावून बसले होते. आता ही नोंद नागपूरपासून न्यूझीलंडपर्यंत सगळे मानणार, आणि डॉक्टर मरेपर्यंत मानणार.

डॉक्टर मात्र त्या पडद्यासमोर नव्हते. ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर वाकून बसले होते, जीभ दातांत धरून. पैज फेडत होते.

"हसायचं नाही," मान न वळवता ते म्हणाले.

एक जम्बो होतं. पोट गुलाबी, अगदी हिरड्यांसारखं गुलाबी. खिडक्यांच्या रांगेखाली नाकापासून शेपटीपर्यंत पांढरे शुभ्र दात. शेपटीवर दात घासायचा ब्रश. निर्मलाताई मागे उभ्या राहून सूचना करत होत्या. "डॉक्टर, अक्कलदाढ राहिली."

"ती पंखाखाली येईल. पंखाखाली लपलेली असते ती, कुणाला दिसत नाही!" डॉक्टर खिदळले. चौसष्ट वर्षांचा माणूस, शाळेत फळ्यावर मास्तरांचं चित्र काढल्यासारखा खिदळला. "पद्मजा, हे फारच छान असतं गं. तू सांगितलं का नाहीस?"

"तीन वर्षं सांगतेय."

"एक दात सोन्याचा करू का?"

"डॉक्टर," मी म्हटलं, आणि तोंडातून सुटून गेलं. "पट्टा लाल होता."

मी सगळं सांगितलं, मोटारीचा डबा, सेठ, सगळं. फक्त 'आतली बाई' वगळली, पण निर्मलाताईंनी ओळखलं आणि त्या कपबशा गोळा करू लागल्या. सांगताना मला रडू येत होतं, कारण मी माझ्याच हाताने माझी विमानं बुडवत होते आणि थांबता येत नव्हतं.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "काजळी नाही?"

"नाही."

"धोतर?"

"बहुतेक तेही नाही."

"धोतर फार चांगलं होतं," डॉक्टर हळहळले. मग म्हणाले, "म्हणजे मी जिंकलो."

"हो. मी आज घरी जाऊन सगळी पुसते."

"थांब. मी जिंकलो तर मग हे मी का काढतोय?" त्यांनी दातांच्या विमानाकडे बोट केलं. "जिंकलेल्या माणसानं काढायचं नव्हतं. म्हणजे हेही पुसावं लागेल?"

"तसं बघितलं तर हो."

डॉक्टरांनी त्या गुलाबी पोटाकडे बघितलं. माउसवरचा हात काही त्यांनी उचलला नाही. मग खुर्ची वळवून, अगदी पेशंटशी बोलतात त्या थंड आवाजात म्हणाले, "कसली पैज?"

"अहो, आपली! हात मिळवला होता आपण!"

"लेखी काही आहे? तारीख? सही?"

"निर्मलाताई होत्या ना! चहा घेऊन आल्या होत्या!"

निर्मलाताईंनी ट्रे उचलला. "मी त्या दिवशी रजेवर होते," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

"बघ," डॉक्टर म्हणाले. "पुराव्याशिवाय मी काही मानत नाही, तुला माहीत आहे. आता इकडे ये आणि त्या डाकोटात लाल भर. माझा हात मोकळा नाही."

मी लाल भरला. मोटारीचा भडक लाल, त्या जुन्या काळचा, शोधून शोधून. काठ काढून टाकला. हाताने डोळे पुसत, हसत, एक्केचाळीस विमानांची मालकीण असलेली मी त्या खऱ्या विमानाला त्याचा खरा रंग देत होते. तो रंग त्याला अजिबात शोभत नव्हता. हिरवं विमान डॉक्टरांनी पुसू दिलं नाही. म्हणाले, शिकलगारांच्या नावाने तुझ्या यादीत जाऊ दे.

पुढच्या रविवारी चाचा कवळी घासून घ्यायला आले. एका हिरडीला टोचत होती. काम झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना मागच्या खोलीत नेलं, उडायच्या खुर्चीत बसवलं आणि दोन्ही डाकोटा पडद्यावर शेजारी शेजारी उभी केली. एक लाल, एक हिरवं. चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

"सांगितलंस व्हय," ते म्हणाले. मग रागावले नाहीत, लालकडे बघत मान डोलावली. "ह्येच. आगदी ह्येच. सेठ दिसला मला."

"शिकलगारसाहेब," डॉक्टर म्हणाले, "आज तुम्हाला मी मुंबईला नेतो. कुठल्यातून जायचं? तुम्ही केलं त्यातून, की तुम्हाला करायचं होतं त्यातून?"

चाचांची नजर लालवरून हिरव्यावर गेली, तिथे थोडी थांबली आणि मग पलीकडच्या छोट्या पडद्यावर गेली.

"त्ये काय हाय?"

डॉक्टर गडबडीने तो पडदा बंद करायला धावले. "ते काही नाही. ते असंच."

"आसंच कसं? दात हायेत की त्याला! सोन्याचा बी हाय एक!" चाचा एवढ्या जोरात हसले की कवळी सावरावी लागली. "ह्ये कुनी काढलं?"

डॉक्टरांचे कान लाल झाले. "मी," ते पुटपुटले.

"कुनाला इचारून?"

"कुणालाच नाही."

"मग ह्येच," चाचा म्हणाले आणि दांडा धरून बसले. "आनी खिडकीशी तुमी बसा, डॉक्टर. मला रस्ता ठावं न्हाई."

डॉक्टरांनी स्टूल ओढून घेतलं. मी कोल्हापूरची धावपट्टी लावली. निर्मलाताई पेडलवर पाय ठेवून उभ्या राहिल्या, आणि एक्केचाळीस विमानं नि दोन डाकोटा मागे ठेवून दातांचं विमान सुसाट निघालं. नाक वर झालं तेव्हा सगळ्यात मोठ्यानं डॉक्टर किंचाळले.